बोरीची फांदी कागदावर: मुंबईत बोरकुळातल्या झुडपांचे हर्बेरियम नमुने कसे करावेत

माझी पहिली बोरीची शीट, म्हणजे वाळवलेली फांदी बसवलेला कागद, परत आली होती. जानेवारीत गोराईच्या एका ओळखीच्या वाडीतून टपोऱ्या बोरांनी लगडलेली फांदी आणली, मन लावून वाळवली, कागदावर शिवली आणि मोठ्या ऐटीत हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह जपणाऱ्या ठिकाणी, दाखवायला नेली. तिथल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, भिंग डोळ्याला लावलं आणि विचारलं, "फूल कुठाय?" फूल नव्हतं. जानेवारीत बोरीला फूल कुठून असणार! "मग ऑगस्ट-सप्टेंबरात परत जा. आणि त्याच झाडाकडे जा," एवढं बोलून त्यांनी शीट माझ्याकडे सरकवली.

पुढची चार-पाच वर्षं मी जे काही शिकले ते त्या एका वाक्याचाच विस्तार आहे. या कुळात ओळखीचा पुरावा फुलात असतो, फूल असतं जेमतेम चार-पाच मिलिमीटरचं, आणि फळ येतं त्यानंतर काही महिन्यांनी. शिवाय वाळल्यावर रंग, वास, झुडपाची ठेवण हे सगळं जातं. म्हणून एका झुडपाला दोन खेपा आणि प्रत्येक खेपेला वहीत भरपूर लिहिणं, एवढी तयारी असेल तरच या कामाला हात घालावा.

कोणकोण भेटतं

इंग्रजीत ज्याला बकथॉर्नचं कुळ म्हणतात ते शास्त्रात रॅम्नेसी आणि आपल्याकडे सरळ बोरीचं कुळ. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली आपली बोर ऱ्हॅम्नस म्हणजे बकथॉर्नच्याच प्रजातीत घातली होती. तिला झिझिफसमध्ये हलवलं नंतरच्या लोकांनी. खरे ऱ्हॅम्नस बघायचे तर सह्याद्रीच्या उंच भागात जावं लागतं. मुंबईत आणि आसपास मुख्यतः पाच जणांशी गाठ पडते.

पहिली अर्थातच बोर, झिझिफस मॉरिशियाना. रेल्वेच्या कडेला, पडीक प्लॉटवर, गोराई-मनोरीच्या वाड्यांत सगळीकडे. पान उलटं करून पाहा: खालची बाजू पांढुरकी-तपकिरी, लोकरीसारखी. दुसरी बुरगी, झिझिफस ओइनोप्लिया. ही दुसऱ्या झुडपांवर रेलत चढते, पानाचा तळ एका बाजूला कलता, फळ वाटाण्याएवढं, काळं, चकचकीत. तिसरं तोरण, झिझिफस रुगोसा. मोठी सुरकुतलेली पानं, फुलांचे लांब घोस आणि एप्रिल-मेमध्ये पांढरी फळं. कर्जत-नेरळकडे पानांच्या द्रोणातून विकायला येतात तीच. चौथं घोटबोर, झिझिफस झायलोपायरस, ज्याचं फळ दाताने फुटणार नाही इतकं कठीण आणि कित्येक महिने फांदीवर लटकून राहतं. पाचवी लोखंडी, व्हेंटिलागो. ही काटे नसलेली दणकट वेल, फळाला एकच लांब पंख, वाऱ्यावर भिरभिरत जाणारा. लोखंडी हे नाव दुसऱ्याही झाडांना आहे, म्हणून स्थानिक नाव जरूर लिहून घ्यावं, पण त्यावरून ओळख पक्की करू नये.

काटे आणि बारीक हिरवट फुलं दिसली की बोरकुळ, असंही समजू नका. गेळाला काटे असतात, पण त्याची पानं समोरासमोर. करवंदाचं पान तोडलं की चीक येतो. हेकळ मात्र भल्याभल्यांना फसवते, तिच्याबद्दल पुढे येईलच.

आधी परवानगी

हा भाग कंटाळवाणा आहे आणि टाळता येत नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, त्यात येऊरही आलं, वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ लागू आहे. तिथे लेखी परवानगीशिवाय फांदी तोडणं हा गुन्हा आहे. कर्नाळा आणि तुंगारेश्वर अभयारण्यांचंही तेच. राज्याच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्या नागपूर कार्यालयाकडे अर्ज जातो, तोही सहसा एखाद्या कॉलेज किंवा संस्थेच्या मार्फत, आणि उत्तराला वेळ लागतो. राखीव जंगल असेल तर वनविभागाला विचारा. "मी तर एवढीशी फांदी घेतली" हे कोणी ऐकून घेत नाही आणि परवानगीचा कागद नसलेली शीट चांगलं हर्बेरियम ठेवूनही घेत नाही.

नवख्यांनी जंगलाच्या मागे लागूच नये, असं माझं मत. खासगी वाडी, कॉलेजचं आवार, ओळखीच्या माणसाचं शेत इथे बोर आणि बुरगी हमखास मिळतात, मालकाची चिठ्ठी घेतली की झालं. ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी. वाडीवाल्याला आपल्या झाडाची जेवढी माहिती असते तेवढी पाहुण्याला दहा खेपांतही होत नाही. ती वहीत उतरवून घ्या.

पिशवीत काय

छाटणीची कात्री, चांगल्या धारेची. चामड्याचे हातमोजे, बागकामाचे सुती मोजे बोरीच्या काट्यापुढे टिकत नाहीत. दहापट मोठं दाखवणारं भिंग. पक्क्या पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल, कारण पेनाची शाई घामाने आणि पावसाने पसरते. दोरा ओवलेले कागदी टॅग. मोजपट्टी. मोबाइलमध्ये जीपीएस असतंच. रद्दीवाल्याकडून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घ्या, पण गुळगुळीत रंगीत पुरवण्या नकोत, त्या पाणी शोषत नाहीत.

फांद्या दाबून वाळवायची प्रेस विकत घ्यायची गरज नाही. सुताराकडून ४५ × ३० सेमीचे प्लायचे दोन तुकडे कापून घेतले, ते आवळायला सामानाचे दोन पट्टे घेतले की झाली प्रेस. किराणा दुकानातली पन्हाळीदार पुठ्ठ्याची खोकी त्याच मापाने कापून ठेवा. वाळवताना त्यांचा खरा उपयोग होतो.

झाडापाशी

इथे घाई करू नका. कात्री काढण्याआधी झुडपाभोवती एक चक्कर मारा. उभं झाड आहे, जमिनीपासून फुटलेलं झुडूप आहे की दुसऱ्यावर रेललेलं? उंची किती? हे शीटवर कधीच दिसणार नाही. एक फोटो दुरून, एक फांदीचा, एक पानाच्या खालच्या बाजूचा, एक काट्यांचा, आणि फूल असेल तर मोजपट्टी शेजारी धरून त्याचा.

मग काटे नीट बघा. झिझिफसचे काटे म्हणजे उपपर्णांचं, देठाच्या बुडाशी येणाऱ्या चिमुकल्या पानांसारख्या भागांचं, रूपांतर, म्हणून ते पानाच्या देठाच्या बुडाशी येतात. बोरीत बहुधा जोडी असते, एक सरळ आणि एक आकडीसारखा वाकडा, कधी एकटाही. बुरगीत बहुतेक एकटा आणि वाकडा. ही जोडी कुठल्या फांदीवर आहे आणि कुठल्यावर नाही ते नोंदवा, कारण जुन्या फांद्यांवरचे काटे गळून जातात आणि एकच तुकडा पाहणाऱ्याची दिशाभूल होते.

आता फूल. एक फूल तोडून नखावर ठेवा आणि भिंगातून पाहा. पाच पाकळ्यांच्या बहुतेक फुलांत पुंकेसर दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीत उभा असतो. बोरकुळात तो थेट पाकळीच्या समोर असतो, आणि ती इवलीशी पाकळी त्याच्यावर वाकलेली असते, भातखाचरात इरलं घेऊन उभा राहिलेला माणूस असावा तशी. मधोमध मधाने ओलसर चकती. हे एकदा दिसलं की कुळाबद्दल शंका राहत नाही. हेकळ इथेच वेगळी पडते: तिचे पुंकेसर पाकळ्यांच्या फटीत. तोरणाचं मात्र ध्यानात ठेवा, त्याच्या फुलाला पाकळ्याच नसतात. तेव्हा इरलं शोधत बसू नका, पुंकेसर हिरव्या निदलांच्या, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या हिरव्या दलांच्या, फटीत आहेत का ते पाहा.

वासही लिहा. बोरीच्या फुलाचा वास गोड नाही, काहीसा कुबट असतो, आणि त्यावर माश्या-गांधीलमाश्या घोंघावत असतात. पानांवर कॉमन पिएरो फुलपाखराच्या हिरव्या अळ्या दिसल्या तर त्यांचीही नोंद घ्या आणि ती पानं झाडालाच राहू द्या.

तोडायची फांदी साधारण ३० सेमीची, पानं-काटे-फुलं किंवा फळं असलेली, किडीने खाल्लेली नसलेली. एकाच झुडपावरून तीन-चार तुकडे घ्या: एक स्वतःला, एक हर्बेरियमला, एखादा दुसऱ्या संस्थेसाठी. शेजारच्या झुडपावरून घेऊन संख्या भरू नका, तो दुसरा नमुना होतो. झाड लहान असेल, एकटंच असेल, तर फोटो काढून परत या.

फांदी तुटल्याबरोबर टॅग बांधा. "घरी गेल्यावर बांधू" म्हणून मी एकदा बोर आणि बुरगीचे सहा तुकडे एका पिशवीत घातले. कोणता कशाचा ते पानांवरून कळलं, पण दोन बोरींपैकी कोणता कुठल्या झाडाचा ते आजवर कळलेलं नाही. दोन्ही टाकून द्यावे लागले.

टॅगवर फक्त क्रमांक. हा क्रमांक तुमच्या नावाचा, १ पासून सुरू होऊन आयुष्यभर पुढे जाणारा. वर्ष बदललं म्हणून परत १ नाही. बाकी सगळं वहीत. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते:

"क्र. ४१. १४ जाने. गोराई, खासगी वाडी, खाडीकडची बाजू. अक्षांश १९.२४०५ उ., रेखांश ७२.७८६८ पू. उंची अंदाजे ५ मी. वाळूमिश्रित माती, कुंपणालगत, सोबत ताड व भेंडी. झाड ४ मी., फांद्या खाली झुकलेल्या. काटे जोडीने, एक सरळ एक वाकडा. पानाची खालची बाजू पांढुरकी. फूल नाही. फळं हिरवी ते पिवळी-तांबडी, २ सेमी, चव आंबट-गोड. वाडीवाल्याच्या मते लावलेलं नाही, आपोआप आलेलं. स्थानिक नाव बोर. नमुने ३."

अक्षांश-रेखांश दशांश अंशात, चार घरांपर्यंत पुरे. चौथं घर म्हणजे साधारण ११ मीटर, परत झाड सापडायला तेवढं चालतं. नुसतं "बोरिवली" लिहू नका. "आपोआप आलेलं" ही नोंद तर बोरीच्या बाबतीत फार मोलाची. लोक कलमी बोरी लावतात, त्या रानात पसरतात, आणि शीटवर दोन्ही सारख्याच दिसतात.

दाबणं: काटे आणि बोरं

काटेरी झाडं प्रेसमध्ये घालताना दोन संकटं येतात. काटा कागद फाडतो हे एक. दुसरं अधिक वाईट: जाड फांदी आणि काट्यांमुळे पानांवर दाब पोचत नाही, ती आक्रसून सुरकुततात. काटे कापून टाकावेसे वाटतील. तसं करू नका, ते गेले तर शीटचा अर्धा अर्थ जातो. त्याऐवजी जाड फांदी लांबीने उभी चिरून मागचा अर्धा भाग काढून टाका, म्हणजे ती सपाट बसेल. काटे शक्य तेवढे बाजूला वळवा. फांदीच्या दोन्ही अंगांना, पानांवर, दुमडलेल्या कागदाच्या घड्या ठेवून उंची सारखी करा. गादीच्या फोमचा पातळ तुकडा मिळाला तर उत्तम.

एक-दोन पानं उलटी ठेवा. बोरीत हे विसरलात तर पांढुरकी बाजू कायमची खाली जाते आणि मग कोणीतरी पान उचकटून बघतं. फुलांचे घोस मोकळे करून पसरा. काही फुलं वेगळी कागदी पुडीत घ्या, चण्याची पुडी बांधतो तशी, पुडीवर क्रमांक लिहून. पुढे ज्याला फूल भिजवून उघडायचं असेल तो शीटवरचं फूल तोडणार नाही.

बोरं दाबली की चिकट लगदा होतो आणि त्यावर बुरशी येते. दोन फळं उभी चिरून चकत्या वाळवा, दोन अख्खी वेगळी उन्हात सुकवा. उरलेली खा, पण आठळ्या धुऊन पुसून पुडीत टाका. आठळी आडवी कापली तर आतले कप्पे मोजता येतात. बोरीत बहुधा दोन. घोटबोराच्या फळाला करवत लागते, मी ते शेजारच्या सुताराकडून कापून घेतलं.

जनुकीय अभ्यासाला उपयोगी पडावं म्हणून कोवळ्या पानांचे तुकडे चहाच्या रिकाम्या पिशवीत घालून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवता येतात. डबीवर तोच क्रमांक.

एक सल्ला लोकलवाल्यांना: फांद्या उघड्या पिशवीतून संध्याकाळच्या गाडीत नेऊ नका. प्रेसमध्ये जागेवरच दाबा. मला एकदा बोरिवली ते दादर माफी मागत यावं लागलं.

पावसाळ्यातलं वाळवणं

बोर आणि बुरगी फुलतात नेमक्या पावसाळ्यात, जेव्हा मुंबईत चादर चार दिवस वाळत नाही. पुस्तकांत लिहिलेलं "रोज कागद बदला, आठवड्याने तयार" हे पुण्याच्या पुढे खरं असेल. इथे जुलैत तिसऱ्या दिवशी पानांवर करडी बुरशी दिसते.

मला लागू पडलेला उपाय टेबल फॅनचा. नमुना असलेला कागद, मग पन्हाळीदार पुठ्ठा, मग कागद, असे थर लावायचे. पुठ्ठ्याच्या नळ्या सगळ्या एकाच दिशेला हव्यात. प्रेस आवळून लांब कडेवर उभी करा आणि नळ्यांच्या तोंडाशी पंखा लावा, हवा आरपार जाईल अशी. पहिले तीन दिवस कागद सकाळ-संध्याकाळ बदला, ओले कागद इस्त्रीने कोरडे करून पुन्हा वापरा. पहिल्या बदलाच्या वेळी पानं अजून लवचिक असतात. वळलेली पानं सरळ करायची ती तेव्हाच.

काही जण खोक्यात बल्ब लावून ऊब देतात. त्याला जुना तारेचा बल्ब लागतो, एलईडीला ऊब नाही. तापमान ४० ते ४५ अंशांच्या आसपास राहू द्या, जास्त झालं तर पानं काळी पडतात. आणि कागदाच्या गठ्ठ्याखाली बल्ब पेटता ठेवून झोपू नका, घराबाहेर जाऊ नका.

वाळलं की नाही ते गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत ओल आहे.

पूर्ण वाळल्यावर किडींचा बंदोबस्त. पूर्वी नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत. ते जहाल विष आहे, घरी त्याच्या वाटेला जाऊ नका, आणि जुन्या शीट हाताळल्या तर हात धुवा. आता फ्रीझर वापरतात: नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८-२० अंशांत आठवडाभर. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच राहू द्या, लगेच उघडली तर नमुन्यावर पाणी धरतं. माझे नमुने मटारच्या पिशव्यांशेजारी राहतात. घरच्यांनी आता विचारणं सोडलंय.

नाव

नाव सगळ्यात शेवटी. मुंबई इलाख्यासाठी थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात लिहिलेली वनस्पतिसूची अजूनही कामाची आहे, पण तिच्यातली नावं जुनी आहेत. बोरीपाशी तर मोठा घोळ. जुन्या पुस्तकांत आणि शीटवर आपली बोर "जुजुबा" म्हणून सापडते. आज झिझिफस जुजुबा हे नाव चिनी बोरीचं, मिलरने १७६८ साली दिलेलं. आपल्या बोरीचं नाव लामार्कने १७८९ साली दिलेलं मॉरिशियाना. तेव्हा जुन्या शीटवर जुजुबा दिसली म्हणून मुंबईत चिनी बोर होती असा निष्कर्ष काढू नका, आणि स्वतःच्या लेबलवर ते नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावासकट पूर्ण नाव लिहा.

खात्री नसेल तर फक्त "झिझिफस" लिहून थांबा. अर्धवट नाव कोणीतरी नंतर पूर्ण करतं. चुकीचं नाव मात्र वर्षानुवर्षं तसंच पुढे जातं.

शीट, लेबल आणि दोन नंबरांचं नातं

शीटचा कागद जाड, आम्लरहित, ४२ × २८ सेमी. सेलोटेप अजिबात नको, तो पिवळा पडून सुटतो. पानं पातळ गोंदाने टेकवा, पण काटेरी फांदी गोंदाने धरत नाही. ती पांढऱ्या दोऱ्याने तीन-चार ठिकाणी शिवा, गाठ मागच्या बाजूला, आणि गाठीवर कागदाची पट्टी चिकटवा म्हणजे खालच्या शीटला ती अडकणार नाही. पुडी वरच्या कोपऱ्यात, लेबल खाली उजवीकडे. लेबलवर वहीतलं सगळं येतं: नाव, ठिकाण, जीपीएस, तारीख, वर्णन, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक, ओळख कोणी व कधी केली.

मुंबईत झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम हे या कामाचं जुनं ठिकाण, १९०६ साली फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी सुरू केलेलं. पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. कुठेही नमुने घेऊन थेट धडकू नका; आधी लिहून विचारा, परवानगीच्या प्रती जोडा, आणि तिथल्या जुन्या शीट पाहायची संधी मिळाली तर दिवस राखून ठेवा.

ऑगस्टअखेर मी गोराईच्या त्या बोरीकडे परत गेले. जानेवारीत बांधलेली लाल फीत कोणीतरी सोडून नेली होती, पण जीपीएस आणि कुंपणाच्या फोटोवरून झाड सापडलं. पानांच्या बगलेत हिरवट-पिवळ्या फुलांचे गुच्छ होते, आणि फुलांवर माश्या. तोडलेल्या फांदीला नवा क्रमांक मिळाला, ५८, कारण तारीख वेगळी म्हणजे नमुना वेगळा. लेबलच्या शेवटी मात्र एक ओळ वाढवली, "क्र. ४१ चंच झाड", आणि ४१ च्या लेबलवर पेन्सिलीने "फुलांसाठी क्र. ५८ पाहा". दोन्ही शीट एकत्र घेऊन गेले तेव्हा बाईंनी फुलाची पुडी उघडली, भिंगाखाली धरली आणि परवानगीची चिठ्ठी मागितली.